साकु म्हटलं, साकव ऐकलं

बाजारकुणंगच्या पलीकडून,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप देवकीवन्संना सुनयनाचा इथूनच वाकून नमस्कार. (खरं तर वाकता मला येत नाही, आणि आशीर्वादाला हात वर केला की तुमचा खांदा दुखतो. तेव्हा दोघींनी मनातल्या मनात उरकून घेऊ.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? रक्षा रोज तेल लावून देते ना? तिला म्हणावं, आईचा गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, तेल टाकून पळायचं नसतं, चांगलं चोळायचं असतं. वास्कोला उकाडा फार असेल. इथं सकाळी अजून अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. फणस यंदा खूप धरलेत. अर्धे माकडांनी खाल्ले, अर्धे मी शेजारी वाटले, आणि त्यात माझं पोट मात्र बिघडलं. आता बरी आहे. काळजी नसावी.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते. तिथं उभं राहून बोललं की तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि गावाला पूर्ण. आणि जे सांगायचं आहे ते तुमच्या पोटच्या मुलाविरुद्ध आहे, तेव्हा ते टेकाडावरून ओरडून सांगावं इतकी मी अजून निर्लज्ज झालेले नाही. सूरज तालुका पंचायतीला उभा राहायचं म्हणतो आहे, हे तुम्हाला त्यानं कळवलंच असेल. आपल्या गटाची उमेदवारी त्याला हवी आहे. ती त्याला मिळू नये असं मला वाटतं. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, पण लिहिलं एकदाचं.

गट म्हणजे आपल्या ह्यांनी आणि झिलूतात्यांनी मिळून उभा केलेला तोच. सत्त्याहत्तर सभासद, एक शिक्का, आणि शिक्का हरवला की ओल्या बांबूचा ठसा. ह्यांचं राजकारण तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण. सरकारनं शाळेत मास्तर ठेवावा, दवाखान्यात औषध ठेवावं, आणि उरलेल्या वेळी आम्हाला आमच्या कामाला ठेवावं, इतकंच त्यांचं मागणं होतं. कुठलंही काम निघालं की सभेत पहिला प्रश्न ठरलेला: हे आपल्याला जमतं का? जमत असलं तर अर्ज करायचा नाही. देवळाची कौलं आपण घातली, विहिरीचा गाळ आपण काढला, आणि दर वर्षी मिरगाच्या आधी ओढ्यावरचा बांबूचा साकव आपण बांधला, म्हणून तर पलीकडची सहा घरं पावसाळ्यात माणसांत राहिली. वन खात्याकडून बांबूची परवानगी तेवढी ह्यांनी मागितली, आणि तिच्यासाठी घातलेल्या खेपा पाहूनच सरकार जितकं लहान तितकं बरं, हे माझं मत पक्कं झालं. प्रत्येक वचनामागं एक अर्ज असतो, प्रत्येक अर्जाला एक खिडकी असते, आणि ती खिडकी तालुक्याला, जोयड्याला असते. आपण पोचेपर्यंत साहेब जेवायला गेलेले असतात.

आता सूरजचं. तो तुमचा, पण तिसरीपासून दहावीपर्यंत माझ्या हातचं जेवला. (तुमच्या यजमानांची बोटीवरची नोकरी, तुमची बाळंतपणं, सगळं मला ठाऊक आहे. तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत भरलेली वर्षं.) गोड बोलणं त्याचं तेव्हापासूनचं. आता होमस्टे काढल्यापासून त्या गोडव्याला धंद्याची धार आली आहे. पाहुणे विचारतात, वाघ दिसेल का? हा लगेच हात लांब करून सांगतो, काल तर इथंच होता, या झाडाखाली. वन्सं, तो वाघ गेली सहा वर्षं कालच इथं होता. आणि पाहुणे खूश होऊन जातात, पुन्हा येतात. तोच वाघ आता त्यानं राजकारणात आणला आहे.

मागच्या पंधरवड्यात देवळासमोर सभा झाली. उमेदवार दोन, आपला सूरज आणि वरच्या वाडीतला किरण. सभा चालवायला निवृत्त मास्तर महाबळेश्वर यांना बोलावलं होतं, कारण गावात कुणाचाच नातेवाईक नसलेला माणूस दुसरा सापडेना. ते कारवारकडचे. मराठी त्यांना समजतं, पण टिपण कन्नडमध्ये घेतात. आधी किरण बोलला. त्याचं भाषण मी तुम्हाला पूर्ण उतरवून पाठवते: "सोमवारी साकव. कोयते आणा." एवढं बोलून तो बसला. टाळ्या कुठं वाजवायच्या हे लोकांना कळलं नाही.

मग सूरज उठला. त्यानं स्पीकर आणला होता. (देवळाच्या पायरीवरून हाक मारली तर शेवटच्या माणसाला ऐकू जाते, तिथं स्पीकर.) प्रत्येक दारात दिवा, प्रत्येक घराला पत्रे, प्रत्येक म्हातारीला मिक्सर, गावाच्या तोंडाला कमान, माकडं पकडून न्यायला सरकारी गाडी. माकडं नेऊन सोडणार कुठं, असं शेजारच्या मंगलनं विचारलं, तर म्हणाला, ते सरकार बघेल. आणि शेवटी ओढ्यावर सिमेंटचा पूल. "तुम्ही फक्त मागा," म्हणाला, "आणायचं माझ्याकडे." मग आवाज खाली आणून, अगदी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्या मामा-मामीनं तुम्हाला चाळीस वर्षं बांबू वाहायला लावले. तुमच्या खांद्यावरचा बांबू मी उतरवणार." वन्सं, मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. त्याची आणि माझी नजर भिडली. त्यानं पटकन माकडांचा मुद्दा पुन्हा घेतला.

मला बोलायचं होतं. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी शिकवलं होतं की बोलायचं असलं तर आधी हात वर करावा आणि नाव घेतलं जाईपर्यंत थांबावं. मी हात वर केला आणि थांबले. नेमकं त्याच वेळी महाबळेश्वर मास्तरांनी विचारलं, पुलाचा ठराव कुणाकुणाला मान्य आहे? आणि हात मोजायला सुरुवात केली. पहिला हात माझा. मी तो खाली घेणार तेवढ्यात मागं कुणीतरी म्हणालं, "बाईंचा पन हात हाय!" आणि माझ्या मागं आणखी वीस हात वर गेले. मग माझा धीर सुटला. मास्तरांना नीट कळावं म्हणून मी उभी राहून कन्नडमध्येच ओरडले, "साकु! साकु!" म्हणजे पुरे झालं, आता आवरा, एवढाच माझा अर्थ. पण माझं कन्नड कॉन्व्हेंटमधलं, शेवटचा उकार ओठांतच राहतो. मागच्या रांगेत बसलेल्यांनी ऐकलं, साकव! साकव! गावाला सिमेंटचा पूलही साकवच, तेव्हा त्यांना वाटलं, बाईसुद्धा पुलासाठी घोषणा देताहेत. क्षणभरात सगळं देऊळ "साकव! साकव!" म्हणून गजरात बुडालं, सूरजनं दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला, आणि मास्तरांनी टिपणात लिहून घेतलं की ठरावाला श्रीमती सुनयनाबाईंनी उभं राहून अनुमोदन दिलं. मी नंतर त्यांना समजावून सांगितलं. ते फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, बाई, लिहिलेलं खोडता येत नाही, पण समोर कंसात "रागाने" असं घालतो.

माझा आक्षेप पुलाला आहे असं समजू नका. पूल चांगलाच. आक्षेप त्या "मागा"ला आहे. मागायची सवय लागली की हात त्याच आकाराचे होतात. जो देतो तो उद्या देणार नाही म्हणायलाही मोकळा असतो, आणि तोवर आपल्याकडे बांबू तोडायचा दिवस कुठला हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. हे सगळं मी घरी येताना वाटेत फुलाला सांगितलं. (फुला म्हणजे पलीकडच्या सहा घरांतली, तुमच्या सूरजला कावीळ झाली तेव्हा पाला आणून देणारी.) तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग डोक्यावरची पाटी सारखी करत म्हणाली, "तुमी बोलताय ते सोन्यासारकं हाय बाई. पर आमची कंबर गेली. चाळीस वर्सांत तुमी किती बांबू व्हायल्यात?" टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. मी सांगितलं, मी चहा आणायचे. म्हणाली, "व्हय, च्या बेस असायचा." तिथून घरापर्यंतची वाट मला फार लांब वाटली. खरंच, वन्सं, एकही नाही. मी चहा आणला, पोहे आणले, कुणाला काटा बोचला तर सुई धरली. स्वावलंबनावर चाळीस वर्षं मी बोलले, आणि ते चाललं फुलाच्या कंबरेवर.

तरीही सोमवारी मी किटली घेऊन ओढ्यावर गेले. सत्त्याहत्तरपैकी आले दोघं, किरण आणि झिलूतात्या. बाकीच्यांचं म्हणणं, सरकारी पूल येतोच आहे, आता कशाला? ठराव झाला आहे, बाईंचं अनुमोदन आहे. तात्यांची ब्याऐंशी वर्षं, ते बांबू धरायचे कमी आणि बांबूला धरून राहायचे जास्त. किरण एकटाच आधाराच्या मेढी रोवत होता. (मेढ ठोकताना तो आनंदात दिसला. बोलावं लागत नव्हतं.) इतक्यात सूरज आला, गळ्यात कॅमेरा. गावाची कशी दुर्दशा आहे ते दाखवायला त्याला ओढ्याचा फोटो हवा होता. तात्यांनी त्याला पाहिलं मात्र.

"काय सायेब, पूल फोटुत हाय का पिशवीत?"

"येतोय तात्या, पूल येतोय."

"येऊ दे की. तवर ह्यो बांबू धर."

आणि वन्सं, त्यानं धरला. कॅमेरा माझ्या गळ्यात घातला, चप्पल काढली, पाण्यात उतरला. तात्यांना आता गाठी येत नाहीत, बोटं वळत नाहीत, आणि किरणला मेढी रोवता येतात, पण वेलीची गाठ त्याची सैल बसते. सूरज ती ह्यांच्याकडून शिकलेला, दोनदा खालून, एकदा वरून, आणि दातांनी ओढून. दुपारपर्यंत तिघांनी मधल्या खडकापर्यंत अर्धा साकव उभा केला. त्या तीन तासांत सूरजनं एकही वचन दिलं नाही. चहा पिताना मला म्हणाला, "मामी, साखर कमी झाली." मी म्हटलं, सरकारकडे माग. हसला. मलाही हसू आलं. मला वाटलं, आता हा सगळं सोडून देईल, शहाणा होईल. म्हणून मीच विषय काढला. म्हटलं, तुझ्या हातांत हे आहे, मग तोंडात ते का? तर चिखल पुसत म्हणाला, "मामी, माझे दोनच हात आहेत. बाकीचे कुठून आणू? पुढच्या वर्षी तात्या नसतील, फुलामावशी येणार नाहीत, पोरं गोव्याला गेली. तुम्ही सांगा, कोण बांधणार?" अडचणीत आले की मी काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुझ्या मामांना हे ऐकून वाईट वाटलं असतं. म्हणायला नको होतं. त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला आणि गेला. जाताना फोटो मात्र काढले. दुसऱ्या दिवशी देवळाच्या भिंतीवर कागद लागला, आम्ही बांधलेला तोच अर्धा साकव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "हा धोका आणखी किती दिवस?" स्वतः बांधलेल्या गाठीला स्वतःच धोका म्हणणारा माणूस तालुक्यात दुसरा मिळणार नाही. तेव्हापासून तो माझ्याकडे जेवायला आलेला नाही. समोरून दिसला की "बरं आहे ना मामी" म्हणतो, म्हणजे परक्या माणसाला म्हणतात तसं.

परवा, बुधवारी, गटाचं मतदान झालं. देवळाच्या बाजूच्या खोलीत माझीच जुनी साडी पडदा म्हणून बांधली होती. प्रत्येकानं आत जायचं, छापील चिठ्ठीवर एका नावापुढं फुली करायची, चिठ्ठी कळशीत टाकायची. शहात्तर जणांनी मतं टाकली. मास्तरांनी दोनदा मोजली. किरणला अडतीस, सूरजला अडतीस. सत्त्याहत्तरावा सभासद गावाबाहेर आहे. मास्तरांनी सांगितलं, पुन्हा मतदान नाही, दिलेलं मत ते दिलेलं, फक्त राहिलेलं एक मत येत्या रविवारी घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तोवर गावात कुणी साकवाला हात लावत नाही. किरण जिंकला तर सगळ्यांनी मिळून उरलेला अर्धा बांधायचा, आणि सूरज जिंकला तर पुलाची वाट बघायची, असं ठरल्यासारखं झालं आहे. मिरगाला तीन आठवडे राहिलेत. ओढ्यात अजून घोटाभर पाणी आहे, पण तुम्ही त्याला भरलेला पाहिला आहे.

मला सूरजचा राग येत नाही, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून एवढं लांबण लावलं. त्याचं निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे, आणि मला स्वतःला औषध ठाऊक नाही. तो उमेदवार झाला तर निवडून येईल. निवडून आला तर रोज नवा कालचा वाघ त्याला दाखवावा लागेल, आणि एक दिवस लोक वाघ मागतील. त्या दिवशी हेच लोक त्याला ओढ्यात उभा करतील, आणि तेव्हा त्याच्याबरोबर बांबू धरायला कुणी नसेल. मला त्या दिवसाची भीती वाटते. हे असते तर त्यांनी त्याला जवळ बसवून समजावलं असतं. मी त्याला ह्यांचं नाव घेऊन टोचलं. चाळीस वर्षांत मी त्यांच्याकडून काय शिकले कोण जाणे.

बाकी सर्व कुशल. रक्षाला आणि पोरांना माझे आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर धाकटी म्हणून पदरात घ्यावं.

तुमची,
सुनयना

ता. क. सत्त्याहत्तरावं नाव तुमचं आहे, वन्सं. ह्यांनी सुरुवातीलाच घातलं होतं आणि कुणी काढलं नाही. वास्कोहून सकाळच्या गाडीनं निघून कॅसलरॉकला उतरा. तिथून जीप घेऊन किरण येईल, हे पत्रही तोच कॅसलरॉकला नेऊन आजच्या गाडीनं ओळखीच्या माणसाबरोबर पाठवणार आहे. (सूरजविरुद्ध मत द्यायला सूरजच्या आईला आणायला किरणच कसा, असं म्हणू नका. गावात चालू असलेली जीप तेवढी एकच. वाटेत तो प्रचार करणार नाही, कारण तो बोलणारच नाही.)

ता. क. २. होय, विरुद्धच. मी तुम्हाला तुमच्याच मुलाविरुद्ध मत द्यायला बोलावते आहे. हे एवढं एकच वाक्य लिहायचं होतं, त्याच्यासाठी इतके कागद गेले.

ता. क. ३. आता खरं सांगते, म्हणजे तुम्ही मला किती नावं ठेवायची ते ठरवता येईल. बुधवारी पडद्यामागं मी गेले ती किरणच्या नावापुढं फुली करायला. फुली केली सूरजच्या. तो पडणार अशी माझी खात्री होती. वाटलं, फार कमी मतं पडली तर त्या दिवशी तो जेवणार नाही. एक माझं असू दे, तेवढंच बरं दिसेल. ते एक मी किरणला दिलं असतं तर तो दोन मतांनी निवडून आला असता, आणि हे पत्र लिहावंच लागलं नसतं. झालेलं मास्तर खोडू देत नाहीत. तुम्ही या. तुम्ही त्याची आई आहात, तुम्हाला जमेल. मला जमलं नाही.